तीन गुंठे की तीन आर? गावाकडच्या एका घराच्या बांधकाम परवान्याचं प्रकरण

मी परवानाधारक अभियंता आहे. माझी बरीचशी कामं पश्चिम महाराष्ट्रातल्या खेड्यांत असतात. दर हंगामात कुणी ना कुणी विचारतं, "गावात आपल्याच जागेत घर बांधायचं, त्याला परवानगी कशाला?" विचारणारा माणूस कायदा मोडायला निघालेला नसतो. त्याच्या वाडवडिलांनी घरं बांधली तेव्हा कुणी कागद मागितला नव्हता, आणि आज मागितला तर तो कुठे मिळतो हे त्याला कुणी नीट सांगितलेलं नसतं. म्हणून २०२३ आणि २०२४ मध्ये हाताळलेलं एक प्रकरण इथे सविस्तर मांडतो. त्या घरच्यांना विचारून लिहितो आहे. गाव, तालुका आणि नावं वगळली आहेत. नियम त्या काळात लागू होते तसे दिले आहेत.

माझं म्हणणं आधीच सांगतो. खेड्यात परवाना अडतो तो घराच्या नकाशावर क्वचितच. तो अडतो जमिनीच्या कागदावर: जागा गावठाणात (गावच्या वस्तीसाठी नोंदलेल्या जागेत) आहे की बाहेर, सातबाऱ्यावर कोणाकोणाची नावं आहेत आणि जागा प्रत्यक्षात किती भरते. या तीन गोष्टी सुटल्या की लहान घराचा परवाना हे आता खरोखर सोपं काम आहे, आणि ही सोय खेड्यातल्या माणसानं वापरावी असं मला मनापासून वाटतं.

प्रकरण काय होतं

तात्या एसटीतून निवृत्त झालेले. गावात त्यांचा जुना माळवदाचा वाडा आहे, पण एका बाजूची भिंत ढासळलेली आणि वाटण्या होऊन वाट्याला आलेल्या खोल्या अंधाऱ्या. गावाला लागून रस्त्यापलीकडे त्यांच्या वडिलांची खळ्याची जागा होती. पूर्वी तिथे ज्वारीची मळणी व्हायची. नंतर एका कोपऱ्यात पत्र्याचा गोठा उभा राहिला आणि बाकी जागा मोकळीच राहिली. मुलगा पुण्याजवळ एका कारखान्यात नोकरीला. त्याच्या पगारावर गृहकर्ज काढून खळ्यावर घर बांधायचं ठरलं.

माझ्याकडे येण्याआधीच त्यांनी तालुक्याच्या गावी एका ड्राफ्ट्समनकडून नकाशा काढून घेतला होता, आणि ग्रामपंचायतीचा 'ना हरकत दाखला'ही मिळवला होता. एवढ्यावर कर्ज मंजूर होईल अशी त्यांची समजूत होती. बँकेनं फाइल परत केली. बँकेला हवं होतं ते असं: जमीन बिनशेती असल्याची सनद, सक्षम अधिकाऱ्याची बांधकाम परवानगी व मंजूर नकाशा, आणि वकिलाचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदी तपासल्याचा अहवाल. त्यांच्या हातात यापैकी एकही गोष्ट नव्हती.

तात्यांचा पहिला प्रश्न होता, "घरपट्टी भरतो की आम्ही गोठ्याची. पंचायतीच्या नमुना आठला नाव हाय. मग जागा आमचीच ना?"

जागा त्यांचीच होती, पण नमुना ८ वरून ते सिद्ध होत नव्हतं. नमुना ८ हा ग्रामपंचायतीच्या कर आकारणीचा उतारा. बांधकाम कोणाच्या वापरात आहे आणि कर कोणी भरायचा एवढंच तो सांगतो. त्यानं मालकी ठरत नाही, आणि बांधकामाला परवानगी होती असंही ठरत नाही. ना हरकत दाखल्याचंही तसंच: पंचायतीची हरकत नाही एवढं तो सांगतो, परवानगी देत नाही. या दोन कागदांच्या भरवशावर लोक स्लॅबपर्यंत जातात आणि मग कर्जासाठी नाहीतर विक्रीच्या वेळी अडतात, हे मी फार वेळा पाहिलं आहे.

रस्त्याच्या अलीकडे की पलीकडे

जागा गावठाणात असती तर मार्ग वेगळा होता. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ प्रमाणे गावठाणातल्या घरासाठी अर्ज पंचायतीकडेच करायचा असतो. तात्यांची आणि अर्ध्या गावाची खात्री होती की खळं गावठाणातच आहे. समोर किराणा दुकान, शेजारी पतसंस्थेची इमारत, पलीकडे अंगणवाडी, मग हे गावठाण नाही तर काय?

गावठाण कुठे संपतं हे डोळ्यांना दिसत नाही, ते गावनकाशावर पाहावं लागतं. या गावात त्याची एक सोपी खूणही मिळाली. स्वामित्व योजनेत गावाचं ड्रोननं मोजमाप होऊन घराघराच्या मिळकत पत्रिका, म्हणजे मालकीचे उतारे, वाटल्या गेल्या होत्या. (या कामाचा पहिला प्रयोग पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावी झाला होता. केंद्राची स्वामित्व योजना एप्रिल २०२० मध्ये सुरू झाली.) हे मोजमाप फक्त गावठाणाचं होतं. तात्यांना जुन्या वाड्याची मिळकत पत्रिका मिळाली होती, रस्त्याच्या अलीकडच्या शेजाऱ्यांनाही मिळाली होती. खळ्याची कुणालाच मिळाली नव्हती, आणि खळ्याचा सातबारा मात्र अजून निघत होता. म्हणजे रस्ता हीच गावठाणाची हद्द होती. खळं हद्दीपलीकडे, शेतजमिनीत.

पलीकडे गेलं की दोन कायदे लागतात आणि लोकांचा गोंधळ इथेच होतो. जमिनीचा वापर शेतीकडून राहण्याकडे बदलणं हा महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ चा विषय. तिथे इमारत उभी करणं हा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ चा विषय. प्रादेशिक योजनेच्या, म्हणजे कुठली जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या शासकीय आराखड्याच्या, क्षेत्रात दुसऱ्या कायद्याच्या कलम १८ प्रमाणे परवानगीचा मूळ अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचा. या प्रकरणात तो खाली सोपवलेला असल्यानं आमची फाइल तहसील कार्यालयात गेली. बिनशेती झालं म्हणजे बांधकामाची परवानगी मिळाली असं अजिबात नाही.

बिनशेतीसाठी तात्यांच्या बाजूनं एक फार उपयोगी तरतूद होती, जमीन महसूल संहितेचं कलम ४२ ड. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन, प्रादेशिक योजनेतल्या तरतुदींच्या अधीन राहून, राहण्याच्या वापरासाठी बिनशेती झाली आहे असं मानलं जातं. बिनशेती परवानगीच्या जुन्या कलम ४४ ची लांबलचक वाट तिथे चालावी लागत नाही. त्या काळी तहसीलदारांकडे अर्ज करायचा, अकृषिक आकारणी आणि रूपांतरण कर भरायचा, सनद घ्यायची. खळं हद्दीपासून रस्त्याच्या रुंदीएवढंच दूर होतं. पण 'मानीव' बिनशेती म्हणजे आपोआप कागद हातात येत नाही. सनद तेव्हा मागावीच लागायची आणि बँक तीच मागायची. शासनानं ही सोय खेड्यांच्या वाढीसाठी केली आहे, आणि गावठाणालगत जमीन असलेल्या कितीतरी कुटुंबांना ती माहीतच नाही.

ठिकाणाबद्दल आणखी दोन गोष्टी तपासल्या. जमीन कोणत्या वापराच्या पट्ट्यात येते ते सांगणारा झोन दाखला आणि भाग नकाशा काढून प्रादेशिक योजनेत या गटावरून नियोजित रस्ता किंवा आरक्षण जात नाही याची खात्री केली. समोरचा रस्ता कोणत्या वर्गाचा तेही पाहिलं. राष्ट्रीय महामार्ग असता तर मोकळ्या भागात मध्यापासून ४० मीटरवर इमारत रेषा (जिच्या आत बांधकाम चालत नाही) आणि ७५ मीटरवर नियंत्रण रेषा (जिच्या आत बांधकामावर निर्बंध असतात) धरावी लागते, आणि तीन गुंठ्यांत मग घराला जागाच उरली नसती. इथे साधा गावरस्ता होता.

गुंठा, आर आणि तीनशेची रेघ

ड्राफ्ट्समनचा जुना नकाशा उघडला तेव्हा क्षेत्राच्या तक्त्यात भूखंड ३२६७ चौरस फूट लिहिलेला होता. हा आकडा जुन्या खरेदीखतातून आला होता. खतात 'तीन गुंठे' असं आहे. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. तीन गुंठे ३२६७ चौरस फूट, म्हणजे सुमारे ३०३.५ चौरस मीटर.

सातबाऱ्यावर मात्र ०.०३.०० हेक्टर-आर होतं. आर म्हणजे १०० चौरस मीटर, तेव्हा तीन आर म्हणजे बरोबर ३००. बोलताना आपण गुंठा आणि आर एकच धरतो. शेतीच्या व्यवहारात हा फरक कुणाला बोचत नाही. इथे मात्र याच साडेतीन चौरस मीटरवर फाइलचा रस्ता ठरणार होता.

कारण असं. २ डिसेंबर २०२० रोजी मंजूर झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत लहान घरांसाठी वेगळी, हलकी पद्धत आहे. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर मालकीचे कागद, नकाशा, परवानाधारक अभियंत्याचा किंवा वास्तुविशारदाचा दाखला आणि शुल्क दाखल केलं की त्याची पोच हीच परवानगी. १५० च्या वर ते ३०० पर्यंत अभियंत्याच्या दाखल्यावर दहा दिवसांत परवानगी द्यायची. ३०० च्या वर गेलं की फाइल नगररचना कार्यालयाच्या छाननीला जाते. तालुक्याच्या गावी ते कार्यालय नसतं, जिल्ह्याला जावं लागतं आणि वेळ वाढतो.

२०२१ च्या सुरुवातीला ग्रामविकास विभागानं हीच गोष्ट ३२०० चौरस फुटांच्या भाषेत जाहीर केली, की एवढ्यापर्यंत नगररचनाकाराच्या परवानगीची गरज नाही. गावोगाव मोबाइलवर फिरताना त्यातला 'नगररचनाकाराच्या' हा शब्द गळला आणि 'बत्तीसशे फुटांपर्यंत परवानगीच लागत नाही' एवढंच उरलं. तात्यांच्या मुलाच्या फोनमध्येही तो संदेश होता. त्याच्यासमोर बसून मी सगळं समजावलं: कागद लागतात, शुल्क लागतं, नकाशा नियमात बसतो याची लेखी जबाबदारी अभियंत्यानं घ्यायची असते. कमी झाला आहे तो एक टप्पा, परवानगी नव्हे.

तर आता खरं क्षेत्र किती हे ठरवायला मोजणी हवी होती. कागदांवरचं क्षेत्र आणि जागेवरचं क्षेत्र वेगळं निघालं तर जे कमी असेल ते धरायचं, हा परवानगीच्या कामातला रिवाज आहे. भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा तातडीचा अर्ज टाकला. लगतच्या खातेदारांना नोटिसा गेल्या. पावसाळा मध्येच आला, चिखलात खुणा नीट लागत नाहीत, म्हणून तारीख पुढे गेली. भूकरमापकानं शेवटी मशिन लावून मोजणी केली आणि 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा, हाती आली तेव्हा जागा २९१ चौरस मीटर भरली.

सातबाऱ्यावरच्या तीनशेतले नऊ चौरस मीटर कुठे गेले? थोडे रस्त्याच्या गटारात आणि थोडे शेजारच्या दगडी बांधात. तात्यांना हे फार लागलं. शेजारी आणि ते एकाच वर्गात शिकलेले. तात्या म्हणाले, निमताना मोजणी (वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी) मागतो, त्याचा बांध मागं सारतो. तो हक्क त्यांना होताच. मी त्यांना एवढंच सांगितलं की २९१ वर तुमचं पूर्ण घर बसतं, फाइल तीनशेच्या आत राहते आणि हद्दीचा वाद उभा राहिला तर परवानगीही लांबेल आणि कर्जही. निर्णय त्यांचा होता. त्यांनी शेजाऱ्याला बोलावून 'क' प्रतीवरच्या खुणा दाखवल्या आणि दोघांच्या सह्यांनी जागेवर दगड रोवून घेतले. हद्द अशी शेजाऱ्यासमोर कायम झाली की पुढच्या पिढीचं भांडण मिटतं. घर बांधायचं नसलं तरी प्रत्येकानं मोजणी करून घ्यावी, असं मी लोकांना सांगत असतो.

चार नावं

या प्रकरणातला सर्वांत अवघड भाग क्षेत्राचा नव्हता. सातबाऱ्यावर चार नावं होती: तात्या, त्यांची आई आणि दोन बहिणी. आई वारलेली, पण तिची वारसनोंद झालेली नव्हती. बहिणी लग्न होऊन शेजारच्या तालुक्यांत.

गावात अशा वेळी पहिली सूचना ठरलेली असते: शंभराच्या स्टॅम्पवर बहिणींची संमती घ्या, नोटरी करा, काम भागवा. परवानगीच्या अर्जाला सहहिस्सेदारांचं संमतीपत्र चालतंही. पण बँक सामाईक जमिनीचं गहाण घेताना सगळ्या मालकांच्या सह्या मागते, आणि बहिणींनी मुलाच्या कर्जाला बांधील व्हावं हे तात्यांनाही पटत नव्हतं. वाटप करून तात्यांच्या वाट्याचा तुकडा वेगळा काढणंही शक्य नव्हतं. तुकडेबंदी कायद्याखाली ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेनं जिरायतीचं प्रमाणभूत क्षेत्र २० गुंठे आणि बागायतीचं १० गुंठे केलं, त्याहून लहान तुकडा पाडता येत नव्हता, आणि इथे जागा सगळी मिळून तीन आरांची.

उरला मार्ग हक्कसोडपत्राचा, आणि तो दुय्यम निबंधकांकडे नोंदवूनच. माझं काम खरं तर अभियंत्याचं. तरी मी तात्यांना स्पष्ट सांगितलं की बहिणींना कागद वाचून दाखवल्याशिवाय, त्यांचं म्हणणं ऐकल्याशिवाय सही घेऊ नका. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क आहे. तो हक्क भावाच्या घरासाठी सोडायचा की नाही हे ठरवणं तिचं आहे. 'माहेर तुटेल' या भीतीनं घेतलेली सही मला अन्यायाची वाटते, मग ती कितीही कायदेशीर असो.

दिवाळीत दोघी भाऊबीजेला आल्या तेव्हा घरात बोलणं झालं. मी नंतर गेलो. थोरल्या बहिणीनं विचारलं, "खळ्यावरनं नाव गेलं म्हणजे विहिरीच्या रानातनं पण जातं का?" हा प्रश्न तिनं विचारला हे फार चांगलं झालं, कारण ड्राफ्टमध्ये वकिलानं 'वडिलोपार्जित सर्व मिळकतीतील' असे शब्द घातले होते. ते काढायला लावले. हक्कसोड फक्त खळ्याच्या गटापुरता झाला, गट नंबर आणि क्षेत्र लिहून. विहिरीच्या दोन एकरांत दोघींची नावं कायम राहिली. खळ्यापुरती आईची वारसनोंद आणि हक्कसोड असे दोन फेरफार तलाठ्याकडे पडले. हरकतीसाठी पंधरा दिवसांच्या नोटिसा निघाल्या आणि मंडळ अधिकाऱ्यांनी दोन्ही फेरफार प्रमाणित केले. खळ्याच्या सातबाऱ्यावर आता एकच नाव राहिलं.

इथवर येईतो नकाशाची एक रेघही मी काढलेली नव्हती. मुलगा अधूनमधून फोन करून विचारायचा, काम कधी सुरू करणार? काम तेव्हाही चालूच होतं. फक्त ते जागेवर दिसत नव्हतं.

सनद आणि नकाशा

कागद असे सरळ झाल्यावर ४२ ड ची सनद मिळायला अडचण आली नाही. जमीन भोगवटादार वर्ग १ ची, म्हणजे शासनाच्या अटींशिवाय धारण केलेली, त्यामुळे शासनाला नजराणा भरण्याचा प्रश्न नव्हता. चलन ऑनलाइन भरलं. रक्कम घराच्या खर्चापुढे अगदीच किरकोळ होती. २०२४ च्या फेब्रुवारीत सनद हातात आली आणि सातबाऱ्यावर नोंद झाली. जुन्या गोठ्याबद्दल दंड होईल का अशी तात्यांना धास्ती होती. गुरांचा गोठा शेतीच्याच वापरात मोडतो, त्यामुळे तो विषय निघाला नाही.

नकाशावर मात्र आमची चांगलीच चर्चा झाली. मी समोर तीन मीटर आणि बाकी तिन्ही बाजूंना दीड मीटर जागा सोडून घर बसवलं. तात्यांना ते पाहवेना. गावात भिंत बांधाला लावून बांधायची पद्धत. जागा मोकळी सोडली की ती गेली, अशी भावना. "एवढी जागा सोडायची तर मग घर कशात बांधायचं?" तात्यांच्या पत्नीचा, काकूंचा, मुद्दा आणखी खरा होता. त्यांना मागच्या बाजूला न्हाणी, चूल मांडायला आडोसा आणि सरपणाला जागा हवी होती, आणि पुढे पडवी हवीच होती. पडवी नसलेलं घर त्यांना घरच वाटत नव्हतं.

नियम आहे म्हणून सोडा, असं सांगून कुणालाच पटत नाही. मी त्यांना त्यांच्याच आळीतलं उदाहरण दिलं. दोन घरांमध्ये बोळ नाही, एकाच्या पत्र्यावरच्या पागोळ्यांचं पाणी दुसऱ्याच्या भिंतीत मुरतं आणि त्यावरून दोन्ही घरांचं येणंजाणं बंद आहे. दीड मीटर सोडलं की तुमच्या छपराचं पाणी तुमच्याच जागेत पडतं, भिंतीला बाहेरून गिलावा करता येतो, खिडकी उघडता येते, सेप्टिक टँक उपसायला माणूस मागे जाऊ शकतो. काकूंसाठी न्हाणी आणि स्वयंपाकघर मागच्या अंगाला एकमेकांना लागून घेतलं, चुलीचा आडोसा मोकळ्या जागेत उघडा ठेवला. पडवी पुढच्या तीन मीटरच्या आत न येऊ देता घराच्या मापातच बसवली. त्यासाठी बाहेरच्या खोलीची लांबी थोडी कमी केली. तळमजला सुमारे ९७ चौरस मीटरचा झाला, जिना बाहेरून.

वरचा मजला मुलाला पुढे कधीतरी बांधायचा आहे. पाया आणि कॉलम दोन मजल्यांच्या हिशोबानं डिझाइन केले, पण परवानगी फक्त तळमजला आणि जिन्याची मागितली. मजला चढवायच्या वेळी सुधारित परवानगी घ्यावी लागेल, हे मुलाला लेखी दिलं आहे. जागेवर खड्डा घेऊन पाहिला तेव्हा वर हातभर काळी माती आणि खाली मुरूम लागला. पाया मुरमात टेकवायचं ठरलं.

दहा दिवस

मार्चच्या सुरुवातीला अर्ज दाखल झाला. सोबत सातबारा, फेरफार, 'क' प्रत, सनद, झोन दाखला, नकाशे, माझा दाखला आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला. क्षेत्राच्या तक्त्यात मी तिन्ही आकडे उघड लिहिले: खतानुसार ३०३.५, सातबाऱ्यानुसार ३००, मोजणीनुसार २९१, आणि गणनेसाठी २९१. छाननी करणाऱ्यापासून काही लपवायचं नाही, उलट त्याला पडणारा प्रश्न आपणच आधी सोडवून द्यायचा. त्यानं फाइल पटकन पुढे सरकते, हा माझा अनुभव आहे.

पण १६ मार्चला लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली. आमच्या भागात ७ मेला मतदान होतं आणि तहसीलचा बहुतेक कर्मचारीवर्ग निवडणुकीच्या कामात गुंतला. दहा दिवसांची मुदत पूर्ण फाइल टेबलावर आल्यापासून मोजतात, आणि आमची फाइल टेबलावर यायलाच जून उजाडला. त्या काळात एका मध्यस्थानं तात्यांना 'मागच्या तारखेचा पंचायतीचा ठराव करून देतो' असं सुचवलं. तात्यांनी मला विचारलं. अशा कागदावर कर्ज घेतलं तर घर आणि मुलाची नोकरी दोन्ही पणाला लागतील, असं मी सांगितलं, आणि त्यांनी त्या माणसाला दारातूनच परत पाठवलं. नऊ महिने थांबलेल्या माणसानं आणखी तीन महिने थांबायची तयारी दाखवली, याचा मला फार आदर वाटतो.

जूनमध्ये एकच त्रुटी निघाली, कामगार कल्याण उपकराची. इमारत बांधकामावर खर्चाच्या एक टक्का उपकर असतो. स्वतःच्या राहण्यासाठीचं घर १० लाखांच्या आत असेल तर तो तेव्हा लागू होत नव्हता. तात्यांचं म्हणणं, मी माझ्या गड्यांकडून बांधून घेतोय, खर्च तेवढा होणार नाही. पण कर्जाच्या फाइलमध्ये बँकेला दिलेलं अंदाजपत्रक त्याच्या कितीतरी वर होतं, आणि दोन कार्यालयांना दोन आकडे देणं योग्य नव्हतं. उपकर आणि विकास शुल्क दोन्ही भरलं. त्यानंतर परवानगीचा आदेश आणि शिक्का मारलेला नकाशा मुदतीच्या आत मिळाला.

पुढे

पावसात पाया खणायचा नाही असं ठरवून दसऱ्यानंतर काम धरलं. परवानगी एक वर्षाची असते, मुदतवाढ मिळते, पण ती संपण्याआधी मागायची. म्हणून आदेशाची तारीख मी मुलाच्या फोनमध्ये आठवण म्हणून लावायला सांगितली. जोत्यापर्यंत काम आल्यावर मापं तपासून घेतली. गवंड्यानं मागची भिंत वीतभर बाहेर धरली होती, ती तिथल्या तिथे आत घेतली. बँकेनं पाया, जोतं, स्लॅब अशा टप्प्यांनी हप्ते सोडले, आणि प्रत्येक हप्त्याला मंजूर नकाशाची प्रत जागेवर लागली.

काम पूर्ण झाल्याचा दाखला देऊन भोगवटा प्रमाणपत्र घेतलं, आणि पंचायतीत नमुना ८ वर गोठ्याऐवजी घराची नोंद आदेशाच्या क्रमांकासह झाली. विहिरीच्या रानाच्या सातबाऱ्यावर आईचं नाव अजून तसंच आहे. त्या वारसनोंदीचा अर्ज थोरल्या बहिणीनं स्वतःच्या सहीनं तलाठी कार्यालयात दिला आहे.